लाल किल्ली, काळी किल्ली

"अ‍ॅव्हरेज किती देते रे?"

गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून झाल्यावर मामानं विचारलं. साताऱ्याहून तो पहिल्यांदाच अमेरिकेत आला होता आणि डेट्रॉइटजवळच्या आमच्या घराच्या गॅरेजात उभा होता.

"गावात पाच-साडेपाच."

"लिटरला?"

"हो."

मामानं बॉनेटवर हात ठेवला, जणू आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "मग एसटी काय वाईट? तीही एवढंच देते, पण पन्नास माणसं नेते."

ती गाडी होती डॉज चॅलेंजर हेलकॅट, २०१५ सालची. शेजारी कव्हरखाली होती फोर्डची शेल्बी जीटी३५० मस्टँग. दोन्ही सेकंडहँड. नवी जीटी३५० घ्यायला एका शोरूममध्ये गेलो, तर छापील किमतीशेजारी "बाजारभाव" म्हणून आणखी दहा हजार डॉलरची चिठ्ठी चिकटवलेली. तिथूनच परत फिरलो. बायकोच्या मते मी एकच चूक दोनदा केली, आणि तीही तीन वर्षांच्या आत. मला मात्र दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवूनच कळलं की ज्या आकड्यांवरून आम्ही लोक रात्र रात्र वाद घालतो, त्यांचा रोजच्या गाडीशी फार थोडा संबंध असतो.

मसल कार हा शब्द आपल्याकडे रुंद टायरच्या, आवाज करणाऱ्या कुठल्याही गाडीला लावतात. डेट्रॉइटमध्ये त्याचा अर्थ नेमका आहे. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन बसवायचं. १९६४च्या मॉडेल-वर्षासाठी पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी टेम्पेस्ट नावाच्या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि तिला जीटीओ म्हटलं. जनरल मोटर्समध्ये या आकाराच्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायला बंदी होती. पण नियम होता मूळ गाडीसाठी. यांनी इंजिन "ऑप्शन" म्हणून विकलं. पळवाट काढण्यात आपणच हुशार असं वाटायचं मला, ते तिथे संपलं.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली. काटेकोर बोलायचं तर ती मसल कार नव्हे, पोनी कार. फाल्कन या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर चढवलेला देखणा अंगरखा. तिला दात दिले कॅरल शेल्बीनं. टेक्सासचा हा माणूस कधीकाळी कोंबड्या पाळायचा, पुढे १९५९ची ल मांची शर्यत जिंकला आणि हृदयाच्या दुखण्यामुळे स्टिअरिंग सोडून गाड्या बनवू लागला. १९६५च्या त्याच्या जीटी३५०मध्ये ३०६ अश्वशक्ती होती आणि मागची सीट काढून टाकलेली होती. डॉज चॅलेंजर मात्र वरातीत उशिरा पोचली. ती आली १९७०च्या मॉडेल-वर्षासाठी, आणि धुराचे कडक नियम, विमा कंपन्यांचे चढे हप्ते, १९७३चा तेलाचा पेच यांत सापडून १९७४मध्ये बंदही पडली. २००८मध्ये परतली तेव्हा तिच्या अंगाखालच्या बांधणीत कंपनीच्या जर्मन मालकीच्या काळातलं रक्त होतं. ती जुळायची कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला, हेलकॅटचं इंजिन यायचं मेक्सिकोतल्या साल्तियोहून. चार जुलैला तिच्यावर अमेरिकेचा झेंडा लावणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. माझी मस्टँग निदान मिशिगनची लेक आहे. जुळणी फ्लॅट रॉकला, इंजिन रोमिओ गावात दोन-दोन माणसांनी हातानं बांधलेलं. त्या दोघांच्या सह्यांची छोटी पाटी इंजिनावर आहे. बॉनेट उघडलं की माझं लक्ष आधी तिच्याकडे जातं.

आता आकडे. हेलकॅट ७०७ अश्वशक्ती, जीटी३५० ५२६. हेलकॅटचं वजन दोन हजार किलोंच्या थोडं वर, मस्टँगचं सतराशेच्या आसपास. एवढं वाचून पैजा लावणारे पैजा लावतात. मला त्याहून मोठा वाटतो तो आवाजातला फरक. तो कळायला क्रँकशाफ्टपर्यंत जावं लागतं.

व्ही८ म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा. नेहमीच्या अमेरिकन व्ही८चा क्रँकशाफ्ट समोरून पाहिला तर त्याचे चार खुंट अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांना असतात. हेलकॅटचा तसाच आहे. या रचनेत एका रांगेतले दोन सिलिंडर मध्येच पाठोपाठ पेटतात, मग ती रांग थोडी थांबते. सायलेन्सरमधून धूर असा अडखळत निघतो, म्हणून ती ओळखीची गडगड. जीटी३५०चे खुंट मात्र सगळे एका सपाट पातळीत, एक वर, एक खाली. डावी रांग, उजवी रांग, डावी, उजवी, अशी पाळी कधीच चुकत नाही. पुणेकराला एका वाक्यात सांगायचं तर हेलकॅट ढोल आहे आणि जीटी३५० ताशा. लक्ष्मी रोडवर उभं राहून दोन्ही ज्याच्या छातीत आणि कानात गेलेत, त्याला आणखी समजवावं लागत नाही.

सपाट क्रँकला जड प्रतिभार कमी लागतात, म्हणून तो हलका आणि चपळ. हे ५.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत जातं आणि पूर्ण ताकद देतं ७,५०० फेऱ्यांवर. बदल्यात थरथर येते. अशी रचना फेरारीवाले करतात, पण इंजिनं लहान ठेवून. इथे पिस्टन मोठे, म्हणून थरथरही मोठी. काही फेऱ्यांवर आरशातली मागची गाडी पुसट होते.

हेलकॅटची तऱ्हा वेगळी. ६.२ लिटरच्या इंजिनावर पट्ट्यानं फिरणारा सुपरचार्जर, त्यात दोन मळसूत्री दांडे एकमेकांत गुंतून हवा दाबतात. तो फिरवायलाच पूर्ण जोरात सुमारे ८० अश्वशक्ती खर्ची पडते. आपल्याकडच्या एका स्विफ्टचं इंजिन त्यात संपलं. ढोलाच्या वर जी बारीक सुई टोचल्यासारखी शीळ ऐकू येते, ती याची. ताकद मात्र खालपासूनच हजर. मस्टँगमध्ये ती वर चढून आणावी लागते.

आणि इथेच मालकाचा आणि मोटार-मासिकाचा रस्ता वेगळा होतो. मासिकवाला पेडल फळीला टेकवतो. मालक रोज वापरतो पेडलचा पहिला इंच. जीटी३५० दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेली तर ताशी ८० मैलांच्या आसपास जाते. मिशिगनच्या बहुतेक हायवेंवर मर्यादा आहे ७०. म्हणजे जे इंजिन घ्यायला पैसे मोजले, त्याची खरी गंमत सहा गिअरांपैकी दुसऱ्यातच बेकायदा होते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत मी तीन हजार फेऱ्यांवर फिरतो, आणि तिथे ती जरा चिडचिडी, खडबडीत गाडी आहे. रुंद टायर रस्त्यातल्या घळी हुंगत जातात, स्टिअरिंग हलकेच डावी-उजवी ओढ घेतं. हेलकॅट त्या पहिल्या इंचात शहाण्यासारखी वागते. सीट सोफ्यासारखी, मागे दोन मोठी माणसं बसतात, डिकीत गणपतीच्या कार्यक्रमाच्या चाळीस माणसांच्या पत्रावळ्या आणि मोदकांचे डबे मावले होते.

हेलकॅटला दोन किल्ल्या मिळतात. काळीनं गाडी सुमारे ५०० अश्वशक्तीवर थांबते, लालनं सगळी ७०७ मोकळी होतात. पहिल्या सप्टेंबरात पाऊस पडून गेला होता आणि मी लाल किल्ली घेऊन हायवेच्या रॅम्पवर चढलो. दुसरा गिअर, अर्धं पेडल. मागचं अंग असं सरकलं जणू साबणावर पाय पडला. गाडी आडवी झाली, सावरली, आणि मागचं उजवं चाक कठड्याच्या कडेला घासलं. चूक माझ्या पायाची. गाडीनं सांगितलं तेवढंच केलं. रिमवरचा चरा मी दुरुस्त केला नाही. लाल किल्ली स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, जिऱ्याच्या पाकिटांमागे गेली.

परक्या हातांपासून जपायला मस्टँगला अशा दोन किल्ल्यांची गरज नाही, कारण तिला ऑटोमॅटिक गिअरच नाहीत. एका हॉटेलातला पार्किंगचा मुलगा आत बसला, तीन पेडलं बघितली आणि हसत बाहेर आला. फियाटच्या स्टिअरिंगवरच्या गिअरवर शिकलेल्या माणसाला त्या क्षणी जो अभिमान वाटतो तो फुकटचा असतो, पण वाटतो.

दोन्ही गाड्यांवर नव्या असताना "गॅस गझलर" कर लागला होता. १९७८च्या कायद्यानं आलेला हा कर कारनाच लागतो, पिकअप आणि एसयूव्हींना नाही. शेजाऱ्याचा हेलकॅटहून वजनदार पिकअप त्यातून सुटतो, हे मला दर वेळी पेट्रोल भरताना आठवतं.

मिशिगनमध्ये अशी गाडी वर्षातले पाच महिने झोपते. थंडी पडली की उन्हाळी टायरचं रबर लाकडासारखं होतं, आणि रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला होता. दसऱ्याला दोन्ही गाड्या धुवायच्या, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. इथे झेंडू भारतीय दुकानात मिळतो, नाही मिळाला तर अंगणातल्या शेवंतीवर भागतं. मग दोन-तीन आठवड्यांत टाकी काठोकाठ भरून तीत पेट्रोल टिकवणारं औषध, टायरमध्ये जरा जास्त हवा, बॅटरीला चार्जर. मस्टँगच्या पोटात जवळपास साडेनऊ लिटर तेल मावतं. ते बदलायचं थंडीआधीच, वापरलेलं तेल आत ठेवून झोपवायचं नाही. खरा शत्रू उंदीर. त्यांना वायरी आवडतात. इथले लोक गाडीत कपडे वाळवण्याचे सुगंधी कागद ठेवतात. मी आईनं पाठवलेल्या डांबरगोळ्या ठेवल्या. एप्रिलमध्ये उंदीर नव्हता, पण मेपर्यंत गाडीला आमच्या वाड्यातल्या लोखंडी कपाटाचा वास होता.

तिसऱ्या वर्षी एक गाडी विकायचं ठरलं. पहिल्या इंचाचा हिशोब लावला तर ठेवायला हवी होती हेलकॅट. अडचण चोरांची होती. विम्याच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या २०२३च्या अहवालात हिचीच चार-दारी बहीण चार्जर हेलकॅट चोरीत सर्वांत वर होती, सरासरी गाडीच्या साठपटींहून जास्त. रात्री बाहेर काही खुट्ट झालं की मी खिडकीशी जायचो. बायकोनं एकदा विचारलं, की मुलांच्या तापातही तू इतका उठला नव्हतास ना? दुसरं कारण सांगायला जरा लाज वाटते. दसऱ्याआधी मस्टँगचं बॉनेट उघडून मी दहा मिनिटं ती पाटी पुसत बसायचो. हेलकॅटला मी कार-वॉशमधून काढून आणायचो.

घ्यायला आला तो पंचविशीतला मुलगा, टोलेडोहून वडिलांबरोबर. त्यानं रिमवरचा चरा बोटानं चाचपला, किंमत थोडी पाडली, कागदांवर सह्या झाल्या. मी जिऱ्यामागून लाल किल्ली काढून दिली. ती अगदी नवी दिसत होती; काळीच्या कडा मात्र झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यानं लाल किल्ली खिशात टाकली, आणि काळी टेबलावरून माझ्याकडे सरकवत विचारलं, "ही कशाला लागते?"