पैसा गव्हाचा, वाटेकरी जमीन

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटी गव्हाच्या उत्पादनात वर्षानुवर्षे देशात आघाडीवर राहिली आहे. पॅलूसच्या टेकड्यांवर पावसाच्या ओलीवर पिकणारा हा मऊ पांढरा गहू स्नेक आणि कोलंबिया नद्यांतून बार्जने बंदरावर जातो आणि तिथून जपान, फिलिपिन्सकडे रवाना होतो. बाजार इतका दूरचा असल्याने सरकारी मदतीशिवाय इथला शेतकरी तगणार नाही, हे तिथे गृहीतच धरले जाते. पण नव्वद वर्षांचा हिशेब मांडला, तर मदतीने गव्हाखालची जमीन सांभाळली. ती कसणारी माणसे मात्र कमीच होत गेली.

सुरुवात १९३३ची. मंदीत भाव कोसळले, तेव्हा रूझवेल्ट सरकारने कायदा करून पेरा कमी करणाऱ्याला पैसे दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये तो कायदा मोडीत काढला. १९३८ मध्ये तो नव्या रूपात परतला. आधारभावामुळे कोठारे भरून वाहू लागली आणि १९५४च्या पीएल-४८० कायद्याने परदेशी वाट काढून देण्यात आली. आपल्या रेशन दुकानांत आलेला लाल गहू त्याच वाटेने आला होता. सक्तीच्या पेरा-नियंत्रणाला १९६३ मध्ये गहू उत्पादकांनीच मतदानाने नकार दिला. १९९६च्या कायद्याने हवे ते पेरण्याची मुभा देऊन मदत सात वर्षांत उतरत नेण्याचे ठरवले. पण दोनच वर्षांत भाव पडले आणि तातडीच्या मदतीची दारे उघडली. २०१४ मध्ये भाव काहीही असला तरी मिळणारी थेट रक्कम बंद झाली आणि बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोंना, साडेपाच डॉलर संदर्भभाव ठरला; बाजारभाव त्याखाली गेला की मदत मिळते. २०२५ मध्ये तो ६.३५ डॉलरवर गेला.

खरी मेख आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. संदर्भभावावरची मदत यंदाच्या पेऱ्यावर मोजली जात नाही; जुन्या नोंदीतील ‘बेस एकर’वर मोजली जाते. त्यामुळे शेतात यंदा मसूर किंवा हरभरा असला, तरी गव्हाचा भाव पडला की त्या नोंदीवर गव्हाची मदत मिळते. कायद्याने ती धोका पत्करून कसणाऱ्याला जाते. पण जमीन खंडाने दिली असेल, तर मालक पुढच्या करारात खंड वाढवून तिचा वाटा वसूल करतो. नेमका किती, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. वाटा जातो यावर फारसा नाही. एकरी मदत म्हणजे जास्त एकर, जास्त पैसा. आज व्हिटमन काउंटीतले सरासरी शेत हजार एकरांहून मोठे आहे.

यावर म्हटले जाईल की, शेते मोठी झाली ती यंत्रांमुळे. ते खरेच आहे. उतारावरही समतल राहणारे कंबाइन हार्वेस्टर छोट्या शेताला परवडत नाही. पण जो कल आपोआप जोर धरतो आहे, त्याला सरकारी पैशाने आणखी बळ का द्यावे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०२१च्या दुष्काळात वॉशिंग्टनचे गव्हाचे उत्पादन जवळपास निम्म्यावर आले, अशा वेळी आधार नको का? हवाच. पण अशा वर्षासाठी पीकविमा आहे आणि त्याच्या हप्त्याचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचलते. १९८५ची संवर्धन योजनाही मोबदला घेऊनच पैसे देते: धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली ठेवण्याचा करार होतो आणि माती जागेवर राहते. बेस एकरवरची मदत मात्र ना पीक मागते, ना माती राखते.

आपल्याकडेही पीएम-किसान आणि राज्याची नमो शेतकरी योजना जमिनीच्या नोंदीवर चालतात. खंडाने किंवा बटाईने कसणारा भूमिहीन त्यांत बसत नाही. मदत वाढवण्याची मागणी करताना ती सातबाऱ्यावरच्या नावाला द्यायची की कसणाऱ्याला, हे आधी ठरवायला हवे.