शेवटचं ऑपरेशन बाकी आहे: स्तन-पुनर्रचनेबद्दल घरात मोकळेपणाने बोलूया

स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये स्तन काढावा लागला, केमो संपली. घरचे म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह, संपलं एकदाचं." पण बाईसाठी ते संपलेलं नसतं. तिच्या छातीत अजून एक्स्पांडर असतो आणि शेवटच्या ऑपरेशनची तारीख यायची असते. या वाट पाहण्याबद्दल आपल्या घरांत कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

दोन टप्पे का?

स्तन काढल्यावर उरलेली त्वचा बहुतेक वेळा अपुरी आणि नाजूक असते. म्हणून आधी त्वचेखाली किंवा स्नायूखाली एक्स्पांडर नावाची रिकामी पिशवी बसवतात. जखम भरली की साधारण एक-दोन आठवड्यांच्या अंतराने सुईने त्यात थोडं थोडं सलाईन भरतात आणि त्वचा हळूहळू ताणली जाते. भरल्यानंतर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी वाटते. पुरेशी जागा झाली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये एक्स्पांडर काढून कायमचा इम्प्लांट बसवतात. रेडिएशन झालं असेल तर हे ऑपरेशन बऱ्याचदा काही महिने पुढे जातं. तारीख लांबली म्हणजे काही बिघडलं असं नाही.

काहींमध्ये इम्प्लांटऐवजी पोटाची किंवा पाठीची चरबी, त्वचा वापरतात. ते ऑपरेशन मोठं असतं.

तारखेआधी काय पाहावं?

शुगर आटोक्यात हवी. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद हवी, कारण त्याने जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. अनेक एक्स्पांडरमध्ये लोहचुंबक असतो, त्यामुळे एमआरआय करायचा असेल तर तिथल्या लोकांना ते सांगायलाच हवं. लाली, ताप, वाढतं दुखणं किंवा जखमेतून पू दिसला तर तारखेची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

अपेक्षाही खऱ्या असाव्यात. नवा स्तन पहिल्यासारखा नसतो. स्पर्शाची जाणीव बरीच कमी असते. इम्प्लांट आयुष्यभराचा नसतो, पुढे बदलावा लागू शकतो. निपल हवं असेल तर ते नंतर वेगळं करतात.

शरियतमध्ये चालतं का?

"अल्लाहने बनवलेलं शरीर बदलणं नाही का हे?" हा प्रश्न बायका मनात ठेवतात, विचारत नाहीत. अर्फजा बिन असअद रजि. यांचं नाक कुलाबच्या लढाईत गेलं होतं. चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2007 साली मलेशियातल्या अधिवेशनात आजाराने आलेला दोष दुरुस्त करणं जायज ठरवलं आणि काढलेल्या स्तनाची पुनर्रचनाही त्यात धरली. गेलेलं परत मिळवणं आणि हौसेखातर बदल करणं यात फरक आहे.

नमाज, गुस्ल, रोजा

हात वर होत नसतील, सजद्यात छाती दुखत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज होते. पट्टी आणि ड्रेनची नळी असताना वुजू-गुस्ल कसं करायचं, हे आपल्या मसलकच्या आलिमांना विचारा. कोकणातले शाफई आणि घाटावरचे हनफी यांच्या मसल्यांत इथे थोडा फरक पडतो. ऑपरेशन रमजानजवळ आलं तर आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, कजा नंतर करता येते. लेडी डॉक्टर हवी असेल तर आधी सांगून ठेवा, लाजू नका.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

"आता या वयात कशाला?" हे वाक्य कृपया बोलू नका. शौहरने सोबत जाऊन डॉक्टरांचं ऐकावं. सासूबाई, नणंद, जाऊ यांनी काही आठवडे जड भांडी, पाण्याच्या बादल्या स्वतःकडे घ्याव्यात. खर्चाची चिंता असेल तर योजनेत काय बसतं, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तारखेआधीच विचारा.

आणि एखादीने सगळं समजून घेऊन "मला हे ऑपरेशन नकोच" असं म्हटलं, तर तेही बरोबर आहे. पॅडवाली ब्रा घालून अनेक बायका समाधानाने जगतात. निर्णय तिचाच आहे, सोबत मात्र आपण सगळ्यांनी द्यायची. अल्लाह सर्व आजारी बहिणींना शिफा देवो. आमीन.