वळवलेली गाडी

पावसाळ्यातल्या एका रात्री मी मुंबईहून मडगावला निघालो होतो. खालाजानचा इंतकाल झाल्याचा फोन संध्याकाळी आला होता. दफन दुसऱ्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर. गाडी अकराला पोचणार, म्हणजे जनाज्याला खांदा देता येईल, या हिशेबाने वरच्या बर्थवर आडवा झालो. जाग आली तेव्हा चिपळूण यायला हवे होते. बाहेर पाटी होती पुण्याची! खालच्या बर्थवरचे कणकवलीचे कुटुंब दिसेना. खेडजवळ दरड कोसळली होती, गाडी वळवली होती आणि मधल्या गावांची माणसे पनवेललाच उतरली होती.

तुम्ही म्हणाल, गोव्याला जायला पुणे कशाला? याचे उत्तर सह्याद्रीत आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू झाली, पण तिचा मोठा भाग आजही एकेरी रुळाचा आहे. मध्ये कुठे माती आली की वाटच बंद. रस्त्याला कुंभार्ली, आंबा, फोंडा असे घाट आहेत. रेल्वेला मात्र बोरघाट सोडला की थेट कॅसलरॉकपर्यंत सह्याद्री उतरायला जागा नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गावर अजून रूळ पडलेले नाहीत. म्हणून पनवेल, कर्जत, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असा दीडशेहून अधिक किलोमीटरचा वळसा. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये तिथेच पाणी शिरले. दोन्ही वेळा गाड्या याच वाटेने गेल्या.

प्रश्न नुसत्या अंतराचा नसतो. दोन्ही घाटांत ३७ मीटर गेल्यावर १ मीटर चढ आहे. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. कॅसलरॉक ते कुळे हे २६ किलोमीटर ब्रेक सांभाळत उतरावे लागते. त्या मार्गाची माहिती असलेला चालक लागतो. शिवाय तिथले वेळापत्रक आधीच भरलेले; पाहुण्या गाडीला जागा मिळेल तसे पुढे सरकायचे.

मिरजेहून फोन केला. मावसभाऊ म्हणाला, "भाईजान, आता थांबता येणार नाही." मी म्हटले, "थांबू नका." दफनाला उशीर करू नये, हे मलाही ठाऊक होते. बेळगावच्या पुढे बर्थवरच जोहर पढलो. मुसाफिराला चार रकातींऐवजी दोनच. रस्ता लांबला, नमाज आखूड झाली.

दूधसागर आला तेव्हा सगळे खिडक्यांकडे धावले. मला एकदम आठवले, १९९८ पूर्वी मुंबईहून गोव्याला जायची रेल्वेची वाट हीच होती. लग्न होऊन खालाजान सासरी गेली ती याच वाटेने, मिरजेला मीटरगेजची गाडी बदलून. हा धबधबा तिने नववधू म्हणून पाहिला होता आणि आम्हा मुलांना कितीदा तरी वर्णन करून सांगितला होता. आम्ही मात्र कोकणच्या गाडीने जायला लागल्यापासून तो विसरूनच गेलो होतो.

मडगावला पोचलो तेव्हा मगरिब होत आली होती. कबरीवरची माती ओली होती. मूठभर माती मीही घातली.