अंगमेहनतीच्या किनाऱ्यावरचा व्यायाम

पालघरच्या किनाऱ्यावर दांडीसारख्या मच्छीमार गावात शंभर वर्षांपूर्वी कुणाला ‘व्यायाम कर’ म्हणून सांगावे लागत नव्हते. होडीला यंत्र नव्हते. शीड उभारायचे, वारा पडला की वल्ही मारायची, पाण्याने जड झालेले डोल जाळे हातांनी खेचायचे आणि परतल्यावर होडी वाळूवर ओढून घ्यायची, हे सारे अंगाच्या बळावर चाले. बायका माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठत. बोईसरच्या पश्चिमेला उच्छेळी, दांडी, नवापूर, त्याखाली मुरबे, सातपाटी, या सगळ्या पट्ट्यात शरीर हेच पहिले अवजार होते.

म्हणून जुनी माणसे धडधाकट होती, असे आपण सहज म्हणून टाकतो. ते अर्धेच खरे आहे. जाळे ओढणाऱ्याचे खांदे आणि कंबर रोज एकाच दिशेने ताणली जातात, पाठ पुढे वाकलेली ती वाकलेलीच राहते. पाटीचा भार मानेवर आणि गुडघ्यांवर येतो. उमेदीतच कंबर धरलेली माणसे किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात भेटतील. श्रमाने अंग झिजते, व्यायामाने ते घडते. जे आखडले ते मोकळे करायचे, जे वापरात आले नाही ते वापरात आणायचे, हे व्यायामाचे काम, आणि ते शिकवायला जाणता माणूस लागतो. महाराष्ट्रातल्या व्यायामाचा मागचा दोनशे वर्षांचा प्रवास पाहिला तर मला त्यात साधनांपेक्षा या जाणत्या माणसाचीच गोष्ट जास्त दिसते. तालमीत त्याला वस्ताद म्हणतात.

सुरुवात दुसऱ्या बाजीरावाच्या काळापासून करावी लागते. त्याच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे मानले जाते. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, म्हणजे कल्पना जुनीच. सागवानी किंवा शिसवी खांब, अडीच मीटरच्या आसपास उंच, वर निमुळता होत जाणारा, टोकाला बोंड, अंगाला एरंडेल. कुस्तीगीराला जोडीदार नसेल तेव्हा खांबाशी झटायचे, हा मूळ हेतू. मांड्यांची पकड, पोटाचे स्नायू, बोटांची ताकद आणि तोल, हे सगळे एकाच वेळी कामाला लागते. एकेक स्नायू वेगळा काढून व्यायाम देणारे यंत्र नेमके हेच करू शकत नाही. पुढे वेताचाही मल्लखांब आला. तसा वेत मिळेनासा झाल्यावर त्याची जागा दोराने घेतली आणि मुली या दोरावर फार पुढे गेल्या.

तालमीतली बाकीची साधने तशीच साधी: मुद्गल, करेल, गदा, दगडी नाल, लेझीम. मुद्गलाकडे जरा जवळून पाहू. लाकडी मुद्गलांची जोडी खांद्यावर घेऊन उभे राहायचे. एक मुद्गल डोक्यामागून पाठीवर सोडायचे, त्याच्याच ओघाने दुसऱ्या बाजूने वर आणायचे, तोवर दुसरा हात निघालेला असतो. नवशिका मनगटाने ओढतो आणि संध्याकाळी हात धरून बसतो. वस्ताद त्याचा कोपर धरून दाखवतो की वजन खांद्याच्या वाटोळ्या फिरण्यातून यायला हवे आणि पावले जमिनीला घट्ट हवीत. एवढे कळले की पाठीचा वरचा भाग, जो वल्ही मारणाऱ्याचा आणि आता खुर्चीत बसणाऱ्याचाही आखडतो, तो सुटू लागतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी हा प्रकार उचलला, तो एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पसरला आणि 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली.

विसाव्या शतकाची पहिली चाळीस वर्षे हा या साऱ्या प्रवासातला सर्वांत भरघोस काळ. 1904-05 मध्ये शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो हिंदुस्थानात आला. डंबेल्स आणि पिळदार शरीराचे फोटो घरोघर गेले. त्याच सुमारास आपल्याकडे वेगळ्या दिशेने विचार चालला होता. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण आणि रक्तदाबमापक लावून तपासायला घेतला. त्याच वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले, तर पुढच्या वर्षी दादरला समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक 1938 मध्ये लंडनला छापले गेले. 1936 मध्ये अमरावतीचे पथक बर्लिनला गेले आणि देशी व्यायाम त्यांनी जगासमोर करून दाखवले.

यात पालघर कुठे येते? बोईसर आणि पालघर ज्या रेल्वेमार्गावर आहेत, तो मुंबईहून बडोद्याला जातो. बडोद्यात प्रा. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर होते. कुवलयानंद तिथेच तयार झाले. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. मुंबईच्या बाजूला कांदिवलीत 1938 मध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मला या सगळ्यांत कांदिवलीचे मोल सर्वांत अधिक वाटते. मल्लखांब, नमस्कार, कवायत, लेझीम यांचे ज्ञान तालमीच्या चौकटीतून निघून पगारी शिक्षकाच्या हाती आले आणि तो शिक्षक कुठल्याही गावच्या शाळेत जाऊ शकत होता. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला मुलामुलींनी हलगीवर धरलेला लेझीमचा ठेका या परंपरेतूनच आला. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनातही लेझीम होती.

तोवर किनारा बदलू लागला होता. होड्यांना यंत्रे बसली आणि वल्ह्यांचे काम संपत आले. पुढे जाळे ओढायला विंच आला. 1969 च्या ऑक्टोबरमध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. ज्यांचे वडील जाळे ओढत होते ती मुले पाळीत उभी राहू लागली. आठ-आठ तास एका जागी उभे राहणे, रात्रपाळीने मोडलेली झोप, दारापर्यंत येणारी रिक्षा. श्रमाचा प्रकार बदलला आणि दुखणीही बदलली: पूर्वी कंबर आणि खांदा, आता वजन, साखर, रक्तदाब.

या माणसाला व्यायामाची गरज त्याच्या बापापेक्षा जास्त होती. त्याच्यापर्यंत पोहोचली ती जिम. तिची पहिली रूपे फार कळकळीची होती. डब्यात सिमेंट ओतून मधे पाइप घातलेले वजन, वेल्डिंग करून घेतलेला लोखंडी अँगलचा बाक, भिंतीवर एक आरसा. पोरे एकमेकांना सांभाळत, चुका करत शिकत. मग ट्रेडमिल, केबलची यंत्रे, प्रोटीनचे डबे आले. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांनी अनेक गरीब घरांतल्या मुलांना नाव दिले, हे मान्यच करायला हवे. पण आरशात दिसणारे स्नायू आधी आणि पाठ, नितंब, श्वास नंतर, हा क्रम तिथेच पडला. चाळिशीच्या बाईने, साठीच्या आजोबांनी तिथे जावे असे वातावरण क्वचितच राहिले.

ती उणीव खुल्या व्यायामशाळा भरून काढतील असे वाटले होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मैदानांच्या कडेला आणि उद्यानांत निळी-पिवळी यंत्रे बसली. कल्पना चांगली, फुकट आणि सर्वांना मोकळी. अडचण अशी की बहुतेक यंत्रे स्वतःच्या शरीराच्या वजनावर चालतात, भार वाढवता येत नाही. नवखा माणूस पाय झुलवतो, कंबर फिरवतो आणि घरी जातो. समुद्रकाठी खारे वारे लोखंड लवकर खातात, बेअरिंग आवळते. पण गंजापेक्षा मोठी उणीव शिकवणाऱ्याची आहे. यंत्राला अनुदान मिळते, माणसाला मानधन मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि ज्येष्ठांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम अशी आहे. हे कसे साधायचे, ते त्या निळ्या यंत्रावर कुठेच लिहिलेले नसते.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे जिम बंद झाल्या, त्या राज्यात दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला उघडल्या. त्या सात महिन्यांत घराघरांत पुन्हा जोर-बैठका सुरू झाल्या. सतरंजीएवढी जागा पुरते. जोर मारताना कंबर वर उचलून छाती जमिनीलगत पुढे नेली आणि पाठ वर वळवली की खांदे, छाती आणि कणा एका झोकात हलतात. हेच परदेशांत ‘हिंदू पुशअप’ म्हणून शिकवले जाते आणि गदेची पोलादी नक्कल ‘मेस’ नावाने महागात विकली जाते.

आज या पट्ट्यात खरा नेटाचा व्यायाम पाहायचा असेल तर ओहोटीची वेळ गाठावी. घट्ट ओल्या वाळूवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात. मुलांसाठी 1600 मीटर, मुलींसाठी 800, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले, त्यानंतर अंतर कमी झाले. तयारीशिवाय शरीर ताणले तर काय होते, याचा तो भयंकर दाखला होता. या गटांत बहुधा एखादा आधी भरती झालेला किंवा थोडक्यात हुकलेला मुलगा असतो. गोळा मानेला टेकवून, गुडघ्यात वाकून, ताकद टाचेपासून कशी वर आणायची ते तोच दाखवतो. त्याला कुणी प्रशिक्षक म्हणत नाही, मानधन तर नाहीच.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे ही उणीव भरून काढणे आता इथल्याच जिल्ह्याच्या हाती आहे. कांदिवलीने प्रशिक्षित शिक्षक गावांकडे पाठवले, त्याला आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला. या किनाऱ्यावर जिल्ह्याने आता असे शिक्षक नेमावेत. प्रत्येक खुल्या व्यायामशाळेमागे सकाळचे दोन तास एक शिकलेला माणूस आणि बायकांसाठी वेगळ्या वेळेला एक शिकलेली बाई. मुद्गलाची जोडी, दोराचा मल्लखांब आणि सपाट जमीन एवढ्यावर ते सुरू करता येईल, आणि वाळूवर धावणाऱ्या या पोरांतूनच त्यातले निम्मे वस्ताद मिळतील.