बियाणे कोरडे राखणारी सच्छिद्र सिलिका

पावसाळ्याच्या दमट हवेत कांद्याचे बी उघडे राहिल्यास त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. बियाण्यातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो १ टक्क्याने कमी केल्यास बियाण्याचे आयुष्य साधारणतः दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. हा ओलावा काढून घेण्यासाठी सिलिका जेलचे काचेसारखे खडे उपयोगी पडतात. ते कसे घडतात हे कळले म्हणजे ते कसे सांभाळावेत हेही कळते.

सिलिका हा वाळूतील मुख्य घटक होय. वाळू व सोडा एकत्र वितळविल्याने सोडियम सिलिकेट तयार होते. त्याच्या द्रावणात गंधकाम्ल मिसळले असता सिलिकेचे अतिसूक्ष्म कण जन्मास येतात. हे कण एकमेकांस चिकटून त्यांची जाळी बनते व तीत पाणी अडकून सर्व द्रावण थिजते. थिजलेला गोळा फोडल्यास वेडेवाकडे खडे मिळतात; द्रावण थेंबाथेंबाने तेलात सोडून थिजविल्यास गोल मणी मिळतात.

छिद्रांचा आकार बऱ्याच अंशी पुढील धुण्यावर अवलंबून असतो. आम्लयुक्त पाण्याने धुतल्यास छिद्रे बारीक राहतात. अमोनियायुक्त पाण्याने धुतल्यास लहान कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात व छिद्रे रुंदावतात. वाळताना जाळी आकसते, तरी कणांमधील पोकळ्या उरतात. बारीक छिद्रांच्या १ ग्रॅम खड्यांत या पोकळ्यांच्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ६०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे ६ ते ८ गुंठे भरते. हवेतील ओलावा याच भिंतींवर धरला जातो.

यास्तव बियाणे व कोरडे खडे समान वजनाने घ्यावेत. खडे कापडी पिशवीत भरून बियाण्यासह हवाबंद डब्यात ठेवावेत. डबा नीट बंद नसल्यास खडे बाहेरच्या हवेचाच ओलावा घेत राहतात. ओलावलेले खडे विजेच्या भट्टीत सुमारे १२० अंश सेल्सियसवर काही तास तापविल्यास पुन्हा उपयोगी होतात. ते प्रखर जाळावर ठेवू नयेत. अति उष्णतेने कण एकजीव होऊन छिद्रे बुजतात व खडे कायमचे निकामी होतात. तापविलेले खडे बंद डब्यात पूर्ण थंड झाल्यावरच बियाण्याजवळ ठेवावेत.

ओलाव्याने गुलाबी होणाऱ्या निळ्या खड्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो. ते मुलांपासून व खाण्याच्या धान्यापासून दूर ठेवावेत.

पेरणीपूर्वी १०० बिया ओल्या कापडात ठेवून उगवण तपासण्याची रीत ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी.