दैनंदिन श्रवण-नेमासाठी ध्वनिमुद्रिकांची निवड : 'मिक्सटेप'च्या संकल्पनेआधारे एक विचार

बीजशब्द : ध्वनिमुद्रिका, कॅसेट, मिक्सटेप, श्रवण, निवड, क्रम

प्रस्तावना

पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना 'महिनाभर रोज एक ध्वनिमुद्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका' असे सुचविले असता पहिला प्रश्न आला तो असा : "कोणती ऐकू?" हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु ज्यांच्या हातातील भ्रमणध्वनीवर लक्षावधी गाणी उपलब्ध आहेत, त्यांनाच हा प्रश्न पडावा ही बाब विचार करण्यासारखी आहे. उपलब्धता वाढली म्हणजे निवड सोपी होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात निवडीचे कामच संगणकीय शिफारशीकडे सोपविले जाते आणि ऐकणारा केवळ ग्राहक उरतो.

अलीकडे श्रवणाचे दैनंदिन उपक्रम ठिकठिकाणी केले जातात. त्यांत प्रत्येक दिवसाला एक विषय दिलेला असतो व त्या विषयाला साजेशी ध्वनिमुद्रिका निवडून ऐकावयाची असते. अनेकदा हे विषय 'मिक्सटेप'वरून घेतलेले असतात : पहिले गाणे, प्रवासाचे गाणे, कोणाला तरी द्यावयाचे गाणे, निरोपाचे गाणे इत्यादी. अशा उपक्रमासाठी ध्वनिमुद्रिका कोणत्या तत्त्वांवर निवडाव्यात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. निवडीला अर्थ येतो तो मर्यादेमुळे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मिक्सटेप म्हणजे काय?

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट बाजारात आणली. लू ऑटेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाले. या फितीची रुंदी सुमारे ३.८ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर होता. कॅसेटचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे सामान्य माणसाला ती घरच्या घरी भरता येत होती. ग्रामोफोनची तबकडी केवळ ऐकता येत असे. कॅसेटने ऐकणाऱ्याच्या हाती संकलनाचा अधिकार दिला. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तबकडीवादकांच्या कार्यक्रमांच्या फिती हातोहात फिरू लागल्या. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आल्यानंतर स्वतः भरलेली फीत चालता-फिरता ऐकणे शक्य झाले.

भारतात १९८० च्या दशकात कॅसेटचा प्रसार झपाट्याने झाला. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा सविस्तर अभ्यास केला आहे. आपल्याकडील गावोगावच्या दुकानांत गाण्यांची यादी दिली की दुकानदार कोरी कॅसेट 'भरून' देत असे. 'कॅसेट भरून घेणे' हा शब्दप्रयोग त्याच काळातला. त्या यादीसाठी वहीचा कागद फाडून, खाडाखोड करून, गाण्यांचा क्रम ठरविला जाई. मिक्सटेप म्हणजे ती यादी आणि तो क्रम.

मर्यादेचे गणित

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते. साडेतीन मिनिटांचे एक गाणे धरल्यास आठ गाण्यांना अठ्ठावीस मिनिटे लागतात. नववे गाणे बसत नाही आणि दोन मिनिटे कोरी राहतात. ती दोन मिनिटे तशीच सोडावीत, एखादे लहान गाणे शोधावे, की आठांपैकी एक काढून दुसरी दोन लहान गाणी घ्यावीत, हा निर्णय भरणाऱ्याला घ्यावा लागे. आवडती गाणी पुष्कळ असली तरी त्यांतील कोणती वगळावयाची हे ठरविताना आपली आवड आपल्यालाच नीट कळते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांनी आकाशवाणीवरून भरलेली नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती. तिच्या पहिल्या बाजूवरील शेवटचे गाणे दुसऱ्या कडव्याच्या मध्येच तुटत असे, कारण फीत तेथे संपत असे. वडिलांनी ते पुसून दुसरे गाणे भरले नाही. विचारले असता, "एवढे तरी राहू दे," असे ते म्हणत. पुढे तेच गाणे संपूर्ण ऐकावयास मिळाले. परंतु तो तुटण्याचा क्षण आला की आजही कान थबकतो. आता वडील नाहीत आणि ती फीतही गुंडाळली जाऊन निकामी झाली आहे. मात्र त्यांनी काय निवडले होते आणि कोणत्या क्रमाने, ते पूर्ण आठवते. यंत्राने सुचविलेली कोणतीही यादी अशी आठवत नाही.

निवडीचा एक थोर नमुना

मर्यादित वेळेत केलेल्या निवडीचे विसाव्या शतकातील सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' अंतराळयानांबरोबर पाठविलेली सुवर्णलेपित तांब्याची ध्वनिमुद्रिका होय. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील एका लहान गटाने तिची निवड केली. अधिक मजकूर मावावा म्हणून ती मिनिटाला १६⅔ फेरे या संथ गतीवर तयार करण्यात आली. तरीही संगीतासाठी सुमारे नव्वद मिनिटेच मिळाली व त्यांत २७ रचना बसविण्यात आल्या. नव्वद मिनिटे म्हणजे एका मोठ्या कॅसेटच्या दोन बाजू! त्या अर्थाने ही पृथ्वीने अज्ञात श्रोत्यासाठी भरलेली मिक्सटेपच म्हणावी लागेल.

तिचा आरंभ बाखच्या उत्साही वाद्यवृंद-रचनेने होतो आणि शेवट बीथोव्हनच्या तंतुवाद्य-चतुष्टकातील संथ भागाने. पंचविसाव्या क्रमांकावर केसरबाई केरकर यांनी गायिलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. तिची लांबी साडेतीन मिनिटे. तिच्या आधी चीनमधील प्राचीन तंतुवाद्याची साडेसात मिनिटांहून अधिक लांबीची रचना आहे आणि नंतर अमेरिकेतील अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन यांचे १९२७ चे शब्दविरहित आर्त गुणगुणणे. आपल्या मैफिलीत भैरवी शेवटी येते. येथेही ती जवळजवळ शेवटीच आली आहे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाईंचे निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले. 'व्हॉयेजर-१' हे यान त्याआधी अकराच दिवस, म्हणजे ५ सप्टेंबरला, झेपावले होते.

निवडीची चार तत्त्वे

वरील विवेचनातून दैनंदिन उपक्रमासाठी पुढील चार तत्त्वे निष्पन्न होतात.

१) काळमर्यादा : ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन ते साडेतीन मिनिटांची असे. १९४८ मध्ये आलेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेची एक बाजू साधारणतः वीस-बावीस मिनिटांची. आपल्याकडे रोज नेमका किती वेळ आहे हे आधी ठरवावे आणि त्यानुसार एक तबकडी, एक बाजू अथवा संपूर्ण ध्वनिमुद्रिका निवडावी. अर्धवट ऐकलेल्या तासापेक्षा पूर्ण ऐकलेली तीन मिनिटे श्रेयस्कर.

२) विषयाशी नाते : विषय 'पाऊस' असेल तर शीर्षकात पाऊस असलेले पहिले गाणे उचलू नये. संगीतातच तो विषय कसा आला आहे, हे पाहावे. कुमार गंधर्वांनी 'गीतवर्षा', 'त्रिवेणी' यांसारखे विषयबद्ध कार्यक्रम रचले. विषय घेऊन त्याभोवती रचनांची निवड व मांडणी करण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेतच आहे.

३) क्रम : ख्यालानंतर ठुमरी वा नाट्यपद आणि अखेर भैरवी, हा मैफिलीचा क्रम श्रोत्याच्या मनःस्थितीचा विचार करूनच रूढ झाला. काल काय ऐकले यावर आज काय ऐकावे हे अवलंबून असते. दोन गंभीर ध्वनिमुद्रिका लागोपाठ आल्यास दुसरीवर अन्याय होतो.

४) ग्राहक : मिक्सटेप ही कोणासाठी तरी भरली जाते. उपक्रमातील प्रत्येक निवड एखाद्या विशिष्ट व्यक्तीला ऐकवावयाची आहे असे समजून केल्यास पांडित्यप्रदर्शनाचा मोह आपोआप कमी होतो.

एका आठवड्याचा नमुना

ही तत्त्वे स्पष्ट व्हावीत म्हणून सात दिवसांचा एक आराखडा पुढे दिला आहे. तो आदर्श म्हणून नव्हे, तर निवडीमागील कारणे दिसावीत म्हणून दिला आहे.

पहिला दिवस, 'आरंभ' : येथे इतिहासातील सर्वांत जुने ध्वनिमुद्रण निवडण्याचा मोह होतो. परंतु आरंभीच्या रचनेचे काम ओढून घेण्याचे असते. म्हणून अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील 'पिया बिन नहीं आवत चैन' ही ठुमरी. लहानपणी हीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी गाणे शिकण्यासाठी घराबाहेर पडले.

दुसरा दिवस, 'प्रहर' : 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७). शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस उभा राहतो. येथे क्रम बदलला तर कथाच मोडते.

तिसरा दिवस, 'जोड' : बीटल्सच्या 'ॲबी रोड' (१९६९) या ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू. तिच्या उत्तरार्धात अनेक लहान गीते एकमेकांत मिसळून सुमारे सोळा मिनिटांचा सलग प्रवाह तयार होतो. ती सुटी ऐकल्यास अपुरी वाटतात.

चौथा दिवस, 'एकाचे शब्द' : 'अभंग तुकयाचे'. एक संतकवी, एक संगीतकार (श्रीनिवास खळे) आणि एक स्वर (लता मंगेशकर). एकाच कवीच्या शब्दांत किती भाववैविध्य असते, हे सलग ऐकल्यावर जाणवते.

पाचवा दिवस, 'दुसऱ्याच्या कानांनी' : कुमार गंधर्वांचे 'मला उमजलेले बालगंधर्व' आणि त्यासोबत बालगंधर्वांची स्वतःची एखादी जुनी तबकडी. एका कलावंताने दुसऱ्याला कसे ऐकले, हे येथे प्रत्यक्ष ऐकू येते.

सहावा दिवस, 'उरलेली मिनिटे' : गौहर जान यांचे १९०२ मधील कोलकाता येथील ध्वनिमुद्रण. ते फ्रेड गायसबर्ग यांनी केले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळणे आवश्यक होते. उरलेल्या काही सेकंदांत एका स्त्रीने आपली नाममुद्रा उमटविली.

सातवा दिवस, 'निरोप' : केसरबाईंची वर उल्लेखिलेली भैरवी. यापुढे काही ऐकू नये.

काही व्यावहारिक सूचना

इंटरनेटवरील संगीतसेवांवर जुन्या ध्वनिमुद्रिकांचे वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचे असते आणि गाण्यांचा क्रमही बदललेला आढळतो. शक्य तेथे मूळ वेष्टनावरील मजकूर पाहून खात्री करावी. यंत्र पुढचे गाणे आपोआप सुरू करीत असल्यास ती सोय बंद ठेवावी. ऐकून झाल्यावर वहीत दोनच ओळी लिहाव्यात : ही ध्वनिमुद्रिका का निवडली आणि हिच्यासाठी कोणती सोडली. यांपैकी दुसरी ओळ अधिक महत्त्वाची.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो. श्रवण हा आनंद आहे. त्याला नेमाचे बंधन कशासाठी? याचे उत्तर आपल्याच सांस्कृतिक इतिहासात मिळते. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'तील ५६ गीते आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. पुढचे गीत लगेच ऐकण्याची सोय नव्हती. त्यामुळे एका गीताला श्रोत्याच्या मनात मुरण्यासाठी आठवडा मिळाला. त्या बंधनाने आनंद उणावला नाही, वाढलाच.

समारोप

मिक्सटेप हे साधन आता कालबाह्य झाले असले तरी तिच्यामागील शिस्त कालबाह्य झालेली नाही. ठराविक वेळ, निश्चित विषय, विचारपूर्वक क्रम आणि मनात धरलेला एक श्रोता या चार गोष्टी असतील तर दैनंदिन श्रवण-उपक्रम हा केवळ छंद न राहता अभिरुचीचे शिक्षण ठरतो. "कोणती ऐकू?" या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला नावांची तयार यादी हे उत्तर नव्हे. तशी यादी यंत्रही देते. "कोणासाठी, किती वेळात आणि काय सोडून?" हे तीन प्रतिप्रश्न त्यांच्या हाती देणे, एवढेच शिक्षकाला करता येण्यासारखे आहे. त्यांची उत्तरे शोधता शोधता प्रत्येकाची स्वतःची एक यादी तयार होईल, आणि ती त्याला दीर्घकाळ स्मरणात राहील.