पडीक रान वहितीत आणताना

सोलापूर जिल्ह्यात चार-पाच वर्षे नांगर न लागलेले रान ओळखायला सातबारा पाहावा लागत नाही. बांधाकडून वेडी बाभूळ आत सरकलेली असते, मधल्या पट्ट्यात तरवड आणि रुई माजते, खोलगट जागी हरळी दाट पसरते आणि उरलेली जागा गाजर गवत व्यापते. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या अवर्षणप्रवण मुलखात पिकाला अपुरे पडणारे पाणी या झाडोऱ्याला मात्र पुरते. रान पडीक राहण्याची कारणे बहुतेक गावांत सारखीच आहेत: लागोपाठ आलेले दुष्काळ, आटलेली विहीर, भाऊबंदकीत अडकलेली वाटणी, पुण्या-मुंबईला गेलेली पिढी.

असे रान पुन्हा वहितीत आणायला आज गावात दोन साधने सहज मिळतात: जुना ट्रॅक्टर आणि खांद्याला अडकवायचा ब्रश कटर. झुडूप कापायला त्यांना फार वेळ लागत नाही. त्याचे मूळ संपवायला मात्र दोन हंगाम जातात. कामाचा सगळा क्रम या फरकावरून ठरतो.

काय माजले आहे, ते आधी

पडीक रानातल्या वनस्पती ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो.

पहिला प्रकार कापल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या झुडपांचा. वेडी बाभूळ त्यात सर्वांत चिवट. मूळची ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली; जळण मिळावे आणि ओसाड जमीन झाकली जावी म्हणून १८७०च्या दशकात ती भारतात आणली गेली. तिच्या गोडसर शेंगा शेळ्या-गुरे खातात आणि लेंड्यांतून, शेणातून बी रानभर पसरवतात. बुंध्याच्या मातीखालच्या भागात सुप्त डोळे असतात. खोड जमिनीलगत छाटले की ते जागे होतात आणि एका खोडाच्या जागी पाच-सात फोक उभे राहतात. म्हणून नुसत्या छाटणीने वेडी बाभूळ कमी होण्याऐवजी दाट होते.

दुसरा प्रकार जमिनीखालून पसरणाऱ्या गवतांचा. हरळीच्या पांढऱ्या, टणक काशा मातीत आडव्या धावतात आणि प्रत्येक पेऱ्याला नवा कोंब फुटू शकतो. भारी काळ्या जमिनीत कुंदा आणखी खोल जातो. लव्हाळ्याच्या मुळांना साखळीसारख्या गाठी असतात. वरचे पाते उपटले तरी गाठ खालीच राहते.

तिसरा प्रकार फक्त बियांवर जगणाऱ्यांचा. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेले गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, या गटातले. त्याचे एक झाड हजारो बिया टाकते. फुलावर येण्याआधी ते कापले किंवा उपटले तर बराच त्रास वाचतो. फुलल्यावर कापले तर कापणाराच पेरणी करून जातो. त्याच्या संसर्गाने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक ठरतो.

यंत्राआधी पायी फेरी

दाट झाडोऱ्यात काय लपले आहे, हे ट्रॅक्टरवर बसून दिसत नाही. सर्वांत मोठा धोका पडक्या विहिरीचा. कठडा ढासळलेला, तोंडावर बाभळीच्या फांद्या आणि वेली. अशा विहिरीत ट्रॅक्टर चालकासह जाऊ शकतो. जुने बोअर, तुटकी तार, विजेच्या खांबाचा ताण, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह, हद्दीचे दगड हे सगळे आधी कोयत्याने मोकळे करून काठीला फडके बांधून दाखवावे लागते. बांध ओळखू येत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतलेली बरी. साफसफाईनंतर शेजाऱ्याशी सुरू होणारा वाद मोजणीच्या खर्चापेक्षा महाग पडतो.

झाडे ओळखणेही याच फेरीत उरकते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ यानुसार आंबा, चिंच, जांभूळ, चंदन अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वेडी बाभूळ त्या यादीत नाही.

सोलापूरच्या मुरमाड रानात घोणस आणि फुरसे दोन्ही आढळतात. काम एका कडेने सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवली तर सापांना आणि लहान प्राण्यांना निघून जायला वाट मिळते. चारही बाजूंनी आत येत गेल्यास शेवटच्या तुकड्यात ते कोंडले जातात.

ब्रश कटरचे काम

ब्रश कटर ट्रॅक्टरसाठी जागा मोकळी करतो. गवत आणि कोवळ्या तणाला नायलॉनची दोरी चालते, जाड गवत व तरवडीला तीन पात्यांचे ब्लेड लागते आणि मनगटाएवढ्या खोडाला करवतीच्या दातांची गोल चकती. त्याहून जाड बुंध्यासाठी कुऱ्हाड किंवा चेन सॉ घ्यावा. ब्रश कटरवर जोर केला की गिअर हेड तापते आणि चकतीचे दात उडतात.

यंत्र चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास पाते उजवीकडून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. त्यामुळे कापणीचा झोकाही उजवीकडून डावीकडे द्यायचा आणि खोडाला पात्याची पुढची डावी बाजू लावायची. पुढची उजवी कड टणक खोडावर आदळली तर यंत्र झटक्याने बाजूला फेकले जाते. नवख्या माणसाला होणाऱ्या अनेक दुखापतींचे मूळ या एका कडेत असते. पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा सुटतो. म्हणून डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, पायात जाड बूट आणि आजूबाजूला किमान १५ मीटरपर्यंत कोणी नको.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते. कंपनीने १:५० सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. ऑइल विसरले तर पिस्टन जाम होतो, आणि तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतले तर भडका उडू शकतो.

वेडी बाभूळ जमिनीलगत न कापता गुडघ्याएवढा बुंधा ठेवून कापतात. वरचे काटेरी फाटे बाजूला झाले की उरलेल्या खुंटाला साखळी बांधता येते. जमिनीलगत तिरपे कापलेले खुंट मात्र भाल्यासारखे उभे राहतात आणि ट्रॅक्टरचा टायर फाडतात.

जुना ट्रॅक्टर, खुंट आणि नांगर

गावात अजून राबणारे महिंद्रा, मॅसी, एचएमटी, स्वराज यांचे ३०-४० हॉर्सपॉवरचे जुने ट्रॅक्टर या कामाला पुरतात. नवा ट्रॅक्टर काट्याकुट्यात घालायला मालक सहसा तयार नसतो. जुन्याचा पत्रा खरचटला तरी कुणाला वाईट वाटत नाही. पण काही गोष्टी तपासूनच तो रानात घालावा लागतो. रेडिएटरच्या जाळीत गवताचे कुसळ आणि बोंडे अडकली की इंजिन तापते. मे महिन्यात तासा-दोन तासांनी जाळी झाडावी लागते. ऑइल बाथ एअर क्लीनरमधले तेल धुळीने लवकर घट्ट होते, ते अशा कामात रोज पाहावे. ब्रेक आणि क्लच धड नसतील तर उताराच्या रानात जाऊच नये.

खुंट ओढताना साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला बांधतात. टॉप लिंकला किंवा ॲक्सलच्या वर बांधली आणि खुंट हलला नाही, तर मागची चाके जागेवर रुततात, पुढची उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे उलटतो. हे एवढ्या झटपट होते की क्लच दाबायला सवड मिळत नाही, आणि जुन्या ट्रॅक्टरला चालकाच्या बचावासाठीची चौकट बहुधा नसतेच. म्हणून आधी टिकाव-पहारीने खुंटाभोवतीची माती मोकळी करून आडवी मुळे तोडायची आणि मग लो गिअरमध्ये हळूहळू ताण द्यायचा. बुंधा मातीखाली २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत मुळासकट निघाला तरच सुप्त डोळे त्याच्याबरोबर जातात. मांडीएवढ्या जाड बुंध्यांसाठी तासावर जेसीबी लावणे स्वस्त आणि सुरक्षित पडते. रोटरी स्लॅशर किंवा कुट्टी यंत्र जोडलेले असेल तर पीटीओच्या फिरत्या शाफ्टवर झाकण हवेच. धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर त्यात गुंतला की सुटका नसते.

निघालेला काटा रानात पेटवून देण्यापेक्षा त्याचे उपयोग बरेच. फाटे बांधावर कुंपणाला जातात, बुंधे जळणाला. वेड्या बाभळीच्या लाकडाचा कोळसा चांगला पडतो.

हरळीला ऊन

झुडपे निघाल्यावर काही शेतकरी लगेच रोटाव्हेटर मारतात आणि रान पाहता पाहता सपाट, भुसभुशीत दिसते. हरळीच्या रानात हीच मोठी चूक. रोटाव्हेटर एका काशीचे दहा तुकडे करतो आणि पहिल्या पावसानंतर प्रत्येक तुकडा फुटतो. पहिला मान पलटी नांगराचा. एप्रिल-मेमध्ये, पारा ४० अंशांच्या वर असताना, २० ते ३० सेंटीमीटर खोल नांगरट करून मोठी ढेकळे तशीच तापू द्यायची. ढेकूळ फोडले की आत पांढऱ्या काशा दिसतात. आठ-पंधरा दिवसांत त्या पिवळ्या पडून कडकडीत वाळतात. त्यानंतर काशा वर आणण्यासाठी कुळवाच्या आडव्या-उभ्या पाळ्या घालतात आणि त्या वेचून रानाबाहेर नेतात. उतार असेल तेथे नांगरट उताराला आडवी हवी, नाहीतर वळवाच्या पहिल्या सरीबरोबर सुटी माती ओढ्याला जाते.

खोल नांगरटीचा हा मार्ग नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. त्यामागची गरजही हीच होती: लाकडी नांगर कठीण जमिनीत खोल जात नव्हता. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातल्या काळ्या जमिनींवर कांस गवताने कब्जा केला होता. तो मोडण्यासाठी केंद्र सरकारने मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभी केली आणि सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या अमेरिकन लष्करी ट्रॅक्टरांनी. १९४९ मध्ये जागतिक बँकेने या कामाच्या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. भारताला मिळालेल्या तिच्या अगदी पहिल्या कर्जांपैकी ते एक होते. जुन्या ट्रॅक्टरने पडीक जमीन मोडण्याची परंपरा अशी थेट सरकारदरबारी जाते.

माळ म्हणजे पडीक नव्हे

झाडे नसलेली प्रत्येक जागा पडीक नसते, हे सोलापूरइतके दुसरीकडे क्वचित कळते. नान्नजचा माळ १९७९ मध्ये माळढोक अभयारण्यात आला. माळढोक, काळवीट आणि लांडगा यांना मोकळा गवताळ माळ लागतो; झुडपे दाटली की माळढोक तेथून हलतो. पवना, मारवेल, कुसळी ही गवते उथळ मुरमाड जमिनीत माती धरून ठेवतात आणि शेळ्या-मेंढ्यांना चारा देतात. दोन वीत मातीखाली मुरूम असलेला असा माळ नांगरला तर पीक येत नाही आणि गवतही जाते. तेथे नांगर न घालता फक्त वेडी बाभूळ काढणे हीच खरी साफसफाई. अभयारण्याच्या हद्दीत आणि वनजमिनीवर तर वन विभागाच्या परवानगीशिवाय पाते लावता येत नाही.

साफ झाल्यानंतर

पहिल्या पावसाने जमिनीतले बी उगवते आणि राहिलेल्या मुळ्या फुटतात. वाफसा आल्यावर कुळवाची पाळी दिली की ही पहिली पिढी मोडते. वेड्या बाभळीचे कोंब बोटाएवढे असतानाच कुदळीने मुळासकट काढले तर सोपे जातात. वर्षभर सोडले तर पुन्हा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मोकाट शेळ्यांना शेंगा खाऊन रानात येऊ दिले तर नवे बी येतच राहते.

जमीन उघडी ठेवणे परवडत नाही. हलक्या रानात पहिल्या खरिपात हुलगा, मटकी किंवा ताग घेतला तर दाट पाल्याखाली तण दबते आणि ताग गाडून खतही होते. मध्यम ते भारी जमिनीत पावसाळ्यात पाळ्या घालून ओल साठवायची आणि रब्बीत ज्वारी पेरायची. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३३ पासून याच ओलीच्या साठवणीवर अभ्यास झाला आहे. मुरमाड जमिनीत डाळिंब, बोर, सीताफळ यांचे खड्डे घेता येतात, मात्र हरळी मेली आहे याची खात्री झाल्यावर. ठिबकची नळी आली की उरलेली हरळी आधी पाणी पिते. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा नांगरट करून राहिलेल्या काशा वेचल्या की रान बहुतांशी हाती येते.

अवजारांसाठी शासनाची मदतही आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान ठरलेल्या मर्यादेत मिळते. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. पीक उभे राहिल्यावर ई-पीक पाहणीत त्याची नोंद करणे विसरू नये. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. नोंद नसेल तर सातबाऱ्यावर जमीन पडीकच दिसते आणि पीकविमा किंवा नुकसानभरपाई मागताना अडचण येते.